मगदूम सरांची तीस अंडी

मगदूम सर अंडं खात नसत. केकमध्ये अंडं असेल या संशयावरून वाढदिवसाचा केकसुद्धा ते हातात धरून नुसते उभे राहत आणि सगळ्यांची नजर चुकवून माझ्या बशीत सरकवत. पण अंड्याच्या आत कुठल्या दिवशी काय चाललेलं असतं, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मला कोल्हापुरात दुसरा भेटला नाही. नवव्या दिवशी शिरा कुठवर पसरतात, दहाव्या दिवशी डोळ्याचा ठिपका केवढा दिसतो, अकराव्या दिवशी आतला जीव अंगाला कसा झटका देतो, सगळं तोंडपाठ. कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातला, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारा हा माणूस आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना विषाणू शिकवायचा. आणि विषाणू वाढवायचा तर अंडं लागतंच. जीवाणूंचं तसं नसतं. ते बशीतल्या थंड झालेल्या रश्श्यावरसुद्धा संसार थाटतात. विषाणूला जिवंत पेशीच हवी, आणि आमच्यासारख्या बेताच्या कॉलेजात सगळ्यात स्वस्त जिवंत पेशी म्हणजे कोंबडीच्या फळलेल्या अंड्यातल्या.

मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले ते एक्क्याण्णव साली. वय अठ्ठावीस. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, पर्समध्ये स्पिरिटचे बोळे आणि क्लोरीनच्या थेंबांची बाटली. जगातला प्रत्येक जंतू मला घाबरून असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पाणी कुठलंही असो, मी आधी त्यात थेंब टाकणार, अर्धा तास घड्याळ बघणार आणि मगच पिणार. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. अशा बाईबरोबर आमच्या ह्यांनी संसार कसा केला, याचा उलगडा मला नातवंडं झाली तरी झालेला नाही.

सरांचं पाण्याचं वेगळंच. त्यांच्या टेबलावर तांब्याचा तांब्या आणि त्याच्या तोंडावर दुपदरी पांढरं फडकं. दिवसातून चार वेळा पाणी गाळायचे. मी नवी होते, शहाणी होते. एकदा न राहवून म्हणाले, "सर, त्या फडक्यातून जीवाणूसुद्धा आरामात जातात. विषाणूचं तर विचारूच नका."

"जातात की," सर म्हणाले.

"मग गाळता कशाला?"

"जे दिसत नाही, त्याच्या बाबतीत हात निष्काळजी होतो, माने मॅडम. हाताला आठवण राहावी म्हणून गाळतो."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात या उत्तराची नोंद 'धार्मिक' या कप्प्यात केली. माझ्याकडे तेव्हा दोनच कप्पे होते, धार्मिक आणि शास्त्रीय. सरांचं बरंचसं बोलणं मी पहिल्यात टाकत असे. तो कप्पा पुढं एकदा माझ्याच अंगावर पडला, त्याचीच ही हकिकत.

सर दिसायला साधे. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कानामागं बोटभर उरलेली पेन्सिल, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढलेल्या वहाणा. आवाज मात्र शेतावरचा. बांधावरून हाक मारावी तसं शिकवत. फळ्यावर चित्र काढत नसत. म्हणत, "चित्र काढलं की मुलं चित्रच पाठ करतात." त्याऐवजी ते सगळ्या वर्गाला गुऱ्हाळावर घेऊन जायचे.

"समजा, पेशी म्हणजे एक गुऱ्हाळ. चरक चालू आहे, चुलवाणात जाळ आहे, काहिलीत रस उकळतोय. गुळव्या काठाशी उभा राहून हुकूम सोडतोय आणि सगळी माणसं ऐकतायत. एवढ्यात दाराशी पावणं आलं. ह्या पावण्याकडं ना ऊस, ना चूल, ना काहील. खिशात फक्त एक चिठ्ठी. अंगावर कोट मात्र असा शिवलाय की दारावरच्या राखणदाराला वाटावं, हा आपलाच माणूस. राखणदारानं हात धरून आत घेतलं. आत आल्यावर पावण्यानं कोट उतरवला आणि चिठ्ठी गुळव्याच्या हातात दिली. चिठ्ठीत काय लिहिलंय?"

सर वर्गभर नजर फिरवायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे.

"लिहिलंय, गूळ बंद करा, माझ्यासारखी माणसं करा, आणि प्रत्येकाच्या खिशात या चिठ्ठीची नक्कल घाला. गुळव्याला काय, आलेला हुकूम पाळायचा हेच त्याला ठाऊक. जाळ तोच, काहील तीच, माणसं तीच. ढेपा निघायच्या त्या जागी पावणं निघायला लागले. शेकड्यांनी. भिंतीच्या बाजूनं, दारातनं, छपरातनं बाहेर पडले आणि गेले शेजारच्या गुऱ्हाळावर. मागं काय राहिलं? थंड चुलवाण आणि पडकी भिंत."

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, मग विषाणू जिवंत का मेलेला?"

"दारात आहे तोवर चिठ्ठी," सर म्हणाले. "आत गेला की जिवंत. सगळं काय ते आत जाण्यावर आहे. आणि आत जाणं सगळं त्या कोटावर आहे. कोट फाटला की पावणं दारातच संपलं."

हे मी निदान सहा वर्षं, वर्गाच्या मागच्या बाकावर बसून, दर वर्षी ऐकलं. कोटाचं हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता अंड्याचं प्रात्यक्षिक. खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे, खोक्यात बल्ब ठेवून खोक्याला भोक पाडायचं आणि त्या भोकावर अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध हलणारी सावली. सर कानामागची पेन्सिल काढून हवेच्या पोकळीची रेघ आखत, स्पिरिटनं पुसत, टोच्यानं बारीक भोक पाडत, सुईनं विषाणूचा थेंब आत सोडत आणि भोकावर मेणबत्तीचं मेण टाकत. मग अंडी पुन्हा इन्क्युबेटरमध्ये. तीन-चार दिवसांत आतल्या पाण्यात विषाणू मोप वाढलेला असतो. ते पाणी काढायच्या आदल्या दिवशी अंडी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे आतला जीव थंडीनं शांत होतो. फ्रिजचं दार सर स्वतः लावत. दुसऱ्या कुणाला लावू देत नसत.

त्या दिवशी सरांच्या टेबलावर डबा नसायचा. पहिल्या वर्षी मी शिपायाला डोळा मारून म्हणाले, "आज घरी भांडण झालेलं दिसतंय." दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. दर वर्षी मार्चात ठरल्यासारखं कुणी बायकोशी भांडत नाही, हे ध्यानात यायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. तेव्हा मात्र मी चोरून पाहिलं. फ्रिजचं दार लावलं की सर तिथंच दोन क्षण हात जोडून उभे राहत. मग घड्याळाकडं बघून मुलांवर ओरडत, "चला, काचपट्ट्या धुवा!" उपासाबद्दल त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नोंद अर्थातच पहिल्या कप्प्यात.

ही फळलेली अंडी आणायची हौसाबाई. शिरोळच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात भावाच्या उसाच्या फडाच्या कडेला तिचं खोपट होतं. नवऱ्याचं घर तिनं स्वतःहून सोडलं होतं. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, "त्येला मी आवडत न्हवतो आनि मला त्यो. एवडंच एका मताचं हुतं." बाई असून स्वतःला बापयासारखं 'न्हवतो' म्हणायची, ती तिच्या गावची रीतच. पासष्ट-सत्तर गावठी कोंबड्या, चार कोंबडे आणि एक वेताची बुट्टी. बुट्टीत भाताचं तूस, तुसात अंडी, आणि बुट्टी मांडीवर घेऊन एस.टी.तल्या खिडकीशी. कंडक्टरनं बुट्टी टपावर टाकायला सांगितली की म्हणायची, "तुजं पोर टाकशील का टपावर?" सरांना ती आण्णा म्हणे, सर तिला अक्का म्हणत. दोघं वयानं एवढे जवळचे की कोण मोठं याचा निकाल कधी लागला नाही.

भावानं तिला एकच गोष्ट बजावली होती. कोंबड्या आहेत तोवर खोपट तिचं. त्यानं नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि ट्रॅक्टरला छप्पर हवं होतं. कोंबड्यांवर ती आपलं आपण भागवते म्हणून तो गप्प होता. ज्या दिवशी कोंबड्या संपतील, त्या दिवशी बाईनं नवऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. हे हौसाबाई हसतहसत सांगायची. पण सांगताना हात बुट्टीच्या कडेवर घट्ट असायचा.

सत्त्याण्णवचा मार्च. नदीकाठच्या गावांतनं मानमोडीच्या बातम्या यायला लागल्या. राणीखेत म्हणतात तो रोग. कोंबडीची मान पिळवटते, पाय लुळे पडतात, हिरवी हगवण लागते आणि चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं. हौसाबाई सरांना म्हणाली, "आण्णा, लस द्या काय तरी. पलीकडच्या गावात बसलीया ती, आता नदी वलांडायला किती येळ?"

सरांनी जनावरांच्या दवाखान्यातनं लसीची कुपी मिळवली. जायचं होतं स्वतःलाच, पण परीक्षेचे बाहेरगावचे पाहुणे नेमके त्याच दिवशी येणार होते. मग माझ्या हातात बर्फाचा थर्मास दिला, आत कुपी.

"यातलाही मानमोडीचाच विषाणू आहे, पण मवाळ जातीचा," सर म्हणाले. "कोंबडीच्या पेशीत शिरेल, थोडा वाढेल, कोंबडीला चोराची ओळख पटेल. कोंबड्यांना सकाळपासनं पाणी देऊ नका, तहानू देत. मग विहिरीचं पाणी घ्या, गाळून घ्या, त्यात दुधाची पावडर मिसळा, मग लस. तासाभरात प्यायला पाहिजेत. दुसरं काही करायचं नाही."

मी थर्मास असा छातीशी धरला होता की जणू सीमेवर निघाले होते.

विहिरीवर गेले आणि माझा जीव वर आला. पाण्यावर बाभळीचा पाला, कडेला शेवाळ, एक बेडूक माझ्याकडं बघतोय. सरांनी गाळायला सांगितलं होतं. मी गाळलं, पण मनात म्हणाले, हे झालं सरांच्या धर्मापुरतं, आता शास्त्रापुरतं बघू. माझा हात पर्समध्ये गेला. तो दर दिवशी दहादा जायचा तसाच गेला. बादलीत मी क्लोरीनचे थेंब टाकले. एवढ्या घाण पाण्याला नेहमीचं माप कसं पुरणार, म्हणून दुप्पट टाकले. अर्धा तास घड्याळ बघितलं. मग दूध पावडर, मग लस. कोंबड्या धावत येऊन प्यायल्या. मी हौसाबाईला स्वच्छतेवर छोटंसं भाषणही दिलं आणि जाताना ती बाटली तिला भेट दिली. "रोज थेंब टाकत जा," म्हणाले.

लसीतला विषाणू जिवंत पोचावा लागतो, क्लोरीन त्याचा कोट फाडतं, आणि पावडर घालायचीच मुळी नळाच्या पाण्यात उरलेलं थोडंथोडकं क्लोरीन शोषायला. यातलं काय मला ठाऊक नव्हतं? परीक्षेत याच प्रश्नावर मी पानभर लिहिलं होतं आणि पहिला वर्ग मिळवला होता. पहिला वर्ग पर्समध्ये राहिला आणि हातानं हाताचं काम केलं.

येताना हौसाबाईनं प्रात्यक्षिकासाठी तीस अंडी दिली. मी ती आणून इन्क्युबेटरमध्ये लावली.

दहाव्या दिवशी खोलीला काळे पडदे लागले होते. मुलं गोळा झाली होती. सरांनी पहिलं अंडं बल्बवर धरलं, रेघ मारली, सुई भरून घेतली. दारात हौसाबाई उभी राहिली. हातात बुट्टीऐवजी खताची पिशवी. तिनं पिशवी दारातच उलटी केली. आतनं एक तांबडी कोंबडी पडली, मान पाठीवर पिळलेली.

"आण्णा, लस पाजून बी अशी का झाली?" तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "काल दुपारपतूर चाळीस गेल्या. आता घरला पोचंन तवा किती असतील म्हाईत न्हाय. भावानं टेप आणून खोपाट मापलंया."

सरांनी सुई खाली ठेवली. कोंबडी उचलून उजेडात नेली, मान बघितली, डोळे बघितले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "पाणी कुठलं होतं, मॅडम?"

"विहिरीचं, सर. गाळून घेतलेलं."

खोटं काही बोलले नव्हते. असल्या खऱ्याचा मला त्या वयात फार सराव होता.

सरांनी हातातल्या अंड्यावरची पेन्सिलची रेघ अंगठ्यानं पुसली. अंडं परत इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. "प्रात्यक्षिक आज नाही," म्हणाले, वहाणा घातल्या आणि हौसाबाईबरोबर एस.टी. स्टँडकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते थेट माझ्या टेबलाशी. खिशातनं क्लोरीनच्या थेंबांची बाटली काढली आणि माझ्या वहीवर उभी ठेवली.

"तुमची बाटली तिथं भिंतीतल्या दिवळीत राहिली होती," म्हणाले.

बस्स. आरडाओरडा नाही, काही नाही. मी रडायच्या तयारीत तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "रडायचं तर बाहेर जाऊन. इथं अंडी आहेत. अंडी आजपासून तुम्ही फिरवायची. दिवसातनं तीनदा, सकाळी आल्या आल्या, दुपारी, आणि घरी जायच्या आधी. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. एका खेपेला फुली वर, पुढच्या खेपेला गोल. खाली पाण्याची ताटली सुकता कामा नये. अठराव्या दिवसापासनं फिरवायचं थांबवायचं, नुसती राखायची. एकूण अकरा दिवस."

"रविवारी?"

"रविवारी अंड्याला कळतंय व्हय, रविवार आहे म्हणून?"

हौसाबाईच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. एक लंगडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली, तेवढी उरली. तिच्या कोंबड्यांचं जे काही जगात शिल्लक होतं ते या तीस अंड्यांत, आमच्या इन्क्युबेटरमध्ये. रोग शिरायच्या आधी घातलेली अंडी, म्हणून चांगली. गेल्या कैक वर्षांत या इन्क्युबेटरमधलं एकही अंडं तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या पुढं गेलेलं नव्हतं. ही एकविसाव्या दिवसापर्यंत न्यायची होती.

आमच्या विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं. दार उघडं होतं, मी बाहेर फायली लावत होते, म्हणजे ऐकत होते.

"मगदूम, हे कॉलेज आहे का हॅचरी? विद्यापीठाच्या यादीत अंड्यात विषाणू वाढवायचं प्रात्यक्षिक आहे."

"मागच्या वर्षीच्या काचपट्ट्या दाखवतो, सर."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देतो की."

सरांनी खुलासा दिला. एकच ओळ होती. टायपिस्टनं मला दाखवली म्हणून ठाऊक : 'सदर अंडी या विभागाच्या चुकीची भरपाई म्हणून राखून ठेवली आहेत.' चूक 'विभागाची'. माझं नाव कुठंही नव्हतं. पुढं पगारवाढ सहा महिने अडली ती सरांची.

भावाकडंही सर जाऊन आले होते. तो टेप घेऊन उभाच होता. सर त्याला म्हणाले, "पावणं, अकरा दिवस थांबा. या खोपटात कॉलेजच्या कोंबड्या यायच्या आहेत." कॉलेजचं नाव ऐकून तो जरा दबला. म्हणाला, "अकरा म्हंजे अकराच बगा. बाराव्या दिवशी ट्रॅक्टर आत." सर खोटं बोलत नसत, म्हणून मी नंतर विचारलं, कॉलेजच्या कोंबड्या कुठल्या? म्हणाले, "इन्क्युबेटर कुणाचा? मग?"

आता माझे अकरा दिवस. मी अंडी फिरवत होते. फुली वर, गोल वर. मुलांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'खुडूक मॅडम' ठेवलं. खुडूक म्हणजे अंड्यांवरनं उठायला तयार नसलेली कोंबडी. हे नाव मला पुढं दोन वर्षं पुरलं. सोळाव्या दिवशी दुपारी लाईट गेली. सरांनी घरून घोंगडं आणलं, इन्क्युबेटरभोवती गुंडाळलं आणि शेजारी स्टूल टाकून थर्मामीटरवर डोळा ठेवून बसले. लाईट येईतो तीन तास गेले. तीन तासांत आमचं एकच बोलणं झालं.

मी म्हणाले, "सर, हौसाबाईला मी जाऊन सांगते."

"सांगा की," ते म्हणाले. "पण अंड्यातनं काही बाहेर आल्यावर. रिकाम्या हातानं माफी मागायला गेलं की समोरच्यालाच आपली समजूत घालावी लागते."

एकविसाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि आतनं आवाज आला. ज्या खोलीत इतकी वर्षं फक्त फ्रिज घुरघुरायचा, तिथं चिवचिव. सर आधीच आले होते. इन्क्युबेटरच्या काचेला नाक लावून उभे. आत ओली, लटपटती, कुरूप दिसणारी पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. सर ओरडले नाहीत, हसले नाहीत. कानामागची पेन्सिल काढली, काहीतरी लिहायला म्हणून, आणि काय लिहायचं ते न सुचून परत कानामागं ठेवली. तीसपैकी एकवीस निघाली. त्या दुपारी सरांनी डबा उघडला आणि अर्धी दशमी मला दिली.

पिल्लं खोक्यात घालून आम्ही एस.टी.नं निघालो. खोकं सरांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, टपावर टाकू का?" सर म्हणाले, "तुजं पोर टाकशील का टपावर?" मी खिडकीबाहेर बघून हसू दाबलं.

भाऊ ट्रॅक्टर सुरू करून दारात उभा होता. त्यानं खोक्यात वाकून बघितलं. "ह्या कॉलेजच्या कोंबड्या व्हय? मला वाटलं लई मोठ्या असत्याल," म्हणाला, आणि ट्रॅक्टर बंद केला. खोपट राहिलं.

आठवड्यानं सर पुन्हा गेले, या वेळी लस पाण्यातनं नाही. पिल्लू तळहातावर घ्यायचं, मान किंचित तिरपी करायची, डोळ्यात एक थेंब सोडायचा. थेंब टाकून सर पिल्लू लगेच खाली ठेवत नसत. हातात धरून थांबत, पिल्लानं पापणी मिटून उघडेपर्यंत. मग म्हणत, "गेला आत," आणि पुढचं. मीही बरोबर होते. पिल्लं उचलून द्यायचं काम माझं. ड्रॉपर त्यांनी मला दिला नाही, मी मागितलाही नाही.

आणि माझी माफी? मागितली नाही. हौसाबाई पिल्लांना कण्या टाकत होती, चेहरा उजळलेला, आता कशाला मध्ये बोला, असं मी स्वतःला पटवलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा पाऊस आला. तिसऱ्या वेळी भाऊ होता. माफी टाळायला कारणं लागतात आणि ती मिळतात. मग सर निवृत्त होऊन कुरुंदवाडला गेले आणि माझं शिरोळकडं जाणं सुटलं.

सर मला शेवटचे दिसले ते दोन हजार सात-आठ साली. कुरुंदवाडला एका लग्नाला गेले होते, सरांच्या घरी डोकावले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, गाळलेलं. मी थेंब न टाकता प्यायले. बाटली मी त्या सकाळनंतर पर्समध्ये ठेवलीच नाही. "ते होय, हौसाबाईकडं गेलेत," वहिनी म्हणाल्या. "दर दोन महिन्यांनी जातात. हात थरथरतात आता, पण ऐकत नाहीत."

मी रिक्षा केली. खोपटाच्या जागी पत्र्याचं शेड उभं होतं आणि भावाचा ट्रॅक्टर शेजारी उन्हातच. अंगणात कोंबड्याच कोंबड्या. हौसाबाईनं मला लांबूनच ओळखलं.

"आली गं, खुडूक कोंबडी!"

हे नाव तिच्यापर्यंत पोचलेलं बघून मी पुढं झाले. मग दहा वर्षं तोंडात धरलेलं एकदाचं बोलून टाकलं. "हौसाक्का, तुमच्या कोंबड्या गेल्या त्या माझ्यामुळं. पाण्यात मी..."

"थेंब टाकलंतंस. म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मी शेजारी बादली धरून हुतो न्हवं? आण्णा त्या दिवशी आले, दिवळीतली बाटली बगितली, हुंगली, आनि मला म्हनले, माझ्या हातनं चूक झाली. मी म्हनलं, तुमी तर आलाच न्हवता. तर म्हनले, तिला मीच शिकवलंय, म्हंजे माझाच हात."

"मग तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"बोलून कोंबड्या उठनार हुत्या व्हय? आनि तू अकरा दिस अंडी राखलीस म्हनं. आमची खुडूकबी एवडं नेमानं बसत न्हाय."

सर शेडच्या सावलीत स्टुलावर बसले होते. वाळले होते, पण शर्ट तसाच, बाह्या मनगटापर्यंत. कानामागं पेन्सिल. समोर खोक्यात पिल्लं. माझ्याकडं बघितलं, ओळखलं, आणि कालच भेटल्यासारखं म्हणाले, "माने मॅडम, बरं झालं आलात." त्यांच्या उजव्या हातात ड्रॉपर होता आणि तो हात नुसता कापत होता. एक थेंब पिल्लाच्या चोचीवर पडला, एक सरांच्या अंगठ्यावर. त्यांनी हाताकडं दोन क्षण बघितलं. मग ड्रॉपर माझ्यापुढं धरला.

मी घेतला. हौसाबाईनं एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. मी त्याची मान तिरपी केली, डोळ्यात थेंब सोडला आणि खाली ठेवायला वाकले.

"थांबा," सर म्हणाले. "पापणी मिटू दे."

मी थांबले. हौसाबाई थांबली. थेंब डोळ्यावर तसाच चमकत राहिला. मग पिल्लानं पापणी मिटली, उघडली.

"गेला आत," सर म्हणाले, आणि पुढचं पिल्लू घ्यायला वाकले.